चिल्लर गोष्टींची साक्ष

खून हा विषय कोणत्या फळीवर ठेवायचा याविषयी आपल्या साहित्यव्यवहारात एक मूक संकेत आहे. शोकात्मिकेतला खून वरच्या फळीवर, रहस्यकथेतला खालच्या, आणि वृत्तपत्रातला तर रद्दीत. पहिल्याविषयी प्रबंध लिहिले जातात, दुसरा प्रवासात वाचला जातो, तिसरा दुसऱ्या दिवशी विसरला जातो. आम्ही दोघे गेली अठरा-वीस वर्षे मराठी शिकवत आहोत आणि हा संकेत आम्हीही निमूटपणे पाळत आलो होतो. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या वाचनाला एक विचित्र वळण लागले. अमेरिकेच्या मध्यभागातील आयोवा, कॅन्सस, विस्कॉन्सिन या शेतीप्रधान राज्यांत पूर्वी घडलेल्या खुनांची हकिकत आणि त्यांतून निर्माण झालेले साहित्य आम्ही झपाटल्यासारखे वाचत सुटलो. स्टाफरूममध्ये याची थट्टाही झाली. मराठीच्या माणसांना आयोवातल्या कुऱ्हाडीशी काय देणेघेणे, असा त्या थट्टेचा सूर. देणेघेणे आहे, आणि ते वाचनाच्या प्रश्नाशी आहे, असे आम्हांला वाटते.

आधी त्या भूमीविषयी थोडे सांगायला हवे, कारण ‘खेडे’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते तिथे गैरलागू आहे. आपल्याकडे गावठाण असते. भिंतीला भिंत लागलेली असते, एका घरातले भांडण तीन घरांत ऐकू जाते, आणि शेत गावाबाहेर असते. अमेरिकेच्या या भागात नेमके उलटे घडले. 1785च्या जमीनविषयक कायद्याने सारा प्रदेश कागदावर चौरसांत कापला गेला. एक चौरस 640 एकरांचा, त्याचा पाव हिस्सा 160 एकरांचा. पुढे 1862च्या होमस्टेड कायद्याने हाच 160 एकरांचा तुकडा कसणाऱ्याला देऊ केला, आणि अट घातली की त्याने त्या जमिनीवरच राहिले पाहिजे. परिणामी प्रत्येक कुटुंब आपापल्या शेताच्या मध्यभागी, शेजाऱ्यापासून अर्धा-पाऊण मैल लांब. हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली गेले की आठवडेच्या आठवडे दुसऱ्या माणसाचे तोंड दिसत नसे. अशा घरात बाई ओरडली तर ते ऐकायला कुणी नसे. ती ओरडली नाही तर प्रश्नच मिटला.

असेच एक घर आयोवा राज्यातील वॉरन काउंटीत, इंडियानोला या गावापासून काही मैलांवर होते. जॉन हॉसॅक हे त्या भागातले प्रतिष्ठित आणि सधन शेतकरी. 1 डिसेंबर 1900च्या रात्री, झोपेत असताना, त्यांच्या डोक्यात कुऱ्हाडीचे घाव घालण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पत्नी मार्गारेट त्याच बिछान्यात त्यांच्या शेजारी झोपलेल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे, की लाकडाच्या दोन फळ्या एकमेकींवर आपटाव्यात तशा आवाजाने आपल्याला जाग आली. कुणी मारले ते आपण पाहिले नाही. कुऱ्हाड शेतावरच्या धान्याच्या कोठाराखाली सापडली. काही दिवसांतच, दफनविधी आटोपतो न आटोपतो तोच, शेरीफने मार्गारेट यांना अटक केली. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढचे होते आणि त्यांना नऊ हयात मुले होती.

या खटल्याचे वार्तांकन ‘डे मॉइन डेली न्यूज’ या दैनिकासाठी एका चोवीस वर्षांच्या तरुणीने केले. तिचे नाव सुझन ग्लास्पेल. नुकतीच पदवी घेऊन ती पत्रकारितेत आली होती. तिने या प्रकरणावर सव्वीस बातम्या लिहिल्या. पुढे ती नाटककार झाली, तिला 1931 साली नाटकासाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि मग कित्येक वर्षे अमेरिकन साहित्याच्या इतिहासात तिची ओळख मुख्यतः यूजीन ओनीलला रंगभूमीवर आणणाऱ्या मंडळींपैकी एक, एवढीच उरली. त्या सव्वीस बातम्या लिंडा बेन-झ्वी या अभ्यासिकेने शोधून काढल्या आणि 1992 साली त्यांविषयी लिहिले. जिज्ञासूंनी तो लेख मिळवून वाचावा. सुरुवातीच्या बातम्यांत आरोपी बाई थंड आहे, तिच्या डोळ्यांत पाणी नाही, असा सूर आहे. वाचकांना जे हवे ते देणारी, चटकदार पत्रकारिता. मग बातमीदार स्वतः त्या शेतघरात जाऊन आली आणि त्यानंतर सूर पालटला. मार्गारेट आता थकलेल्या, वृद्धत्वाकडे झुकलेल्या, मुलांनी वेढलेल्या आई म्हणून दिसू लागल्या. त्या घरात ग्लास्पेल यांनी नेमके काय पाहिले हे बातम्यांत आलेले नाही. ते सोळा वर्षांनी आले, आणि नाटकात आले.

खटला 1901च्या एप्रिलमध्ये इंडियानोलात चालला. न्यायालय खच्चून भरत असे आणि त्या गर्दीत बायका मोठ्या संख्येने असत. ज्युरी मात्र बारा पुरुषांची; त्या काळी आयोवात बाईला ज्युरीत बसता येत नव्हते. (ज्युरी म्हणजे काय हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगताना आम्हांला 1959च्या नानावटी खटल्याचा आधार घ्यावा लागतो. त्यातही आता ‘नानावटी’ म्हटल्यावर चित्रपटच आठवतो.) शेरीफची पत्नी आरोपीच्या शेजारी बसत असे आणि डोळे पुसत असे, ही नोंद ग्लास्पेल यांनी तेव्हाच करून ठेवली होती.

या खटल्यातील पेच कुणाही साहित्याच्या अभ्यासकाने मुळातून समजून घ्यावा असा आहे. जॉन हॉसॅक घरात तापट आणि दांडगाईने वागत, मार्गारेट यांना त्यांची भीती वाटे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होते. परंतु ते न्यायालयात मांडणार कोण? ते मांडले सरकारी पक्षाने, खुनाचा हेतू म्हणून. बाई गांजलेली होती, म्हणून तिने मारले असणार, असा तो युक्तिवाद. साहजिकच बचाव पक्षाला सांगावे लागले की घरात सारे आलबेल होते, जुनी भांडणे मिटली होती, कुटुंब सुखी होते. म्हणजे मार्गारेट यांनी आपले दुःख सांगावे तर तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा, आणि जीव वाचवायचा तर आपण सुखी होतो असे शपथेवर म्हणायचे. दुःख उच्चारण्याची सोयच ज्या भाषेत नाही अशी भाषा असू शकते, आणि ती कायद्याची असू शकते. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या शिकवताना ‘हे सारे जात्यालाच का सांगितले असेल’ असा प्रश्न आम्ही वर्गात विचारत असू. हॉसॅक खटल्यानंतर तो प्रश्न आम्हांला निराळा ऐकू येऊ लागला. जाते साक्ष देत नाही आणि उलटतपासणीही घेत नाही.

मार्गारेट यांना दोषी ठरवून जन्मठेप झाली. 1902 साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कुऱ्हाडीशी जोडलेल्या केसांचा पुरावा आणि जुन्या, मिटलेल्या भांडणांचा पुरावा ज्या रीतीने ज्युरीपुढे आला ते मुद्दे त्यात कळीचे होते. 1903 साली शेजारच्या काउंटीत दुसरा खटला झाला, ज्युरीचे एकमत झाले नाही, आणि प्रकरण तिथेच थांबले. मार्गारेट घरी परतल्या. जॉन हॉसॅक यांना कुणी मारले हे कायद्याच्या दृष्टीने आजतागायत ठरलेले नाही.

ग्लास्पेल यांनी 1901च्या निकालानंतर लवकरच नोकरी सोडली. 1916च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउन येथे, समुद्रकाठच्या एका धक्क्यावरील जुन्या गोदामात त्यांची मित्रमंडळी नाटके करत होती. पती जॉर्ज क्रॅम कुक यांनी बायकोच्या नावावर एक नाटक जाहीर करून टाकले. नाटक मुळात लिहिलेलेच नव्हते! मग त्या रिकाम्या रंगमंचासमोर जाऊन बसल्या, आणि बघता बघता त्याचे स्वयंपाकघर झाले, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. दहा दिवसांच्या आसपास ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका तयार झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी याच वस्तूवर एक कथाही लिहिली.

कथानक आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. इंग्रजीच्या अभ्यासक्रमांतून ही एकांकिका बरेचदा नेमलेली असते. शेतकरी जॉन राइट गळ्याला दोर आवळलेल्या अवस्थेत मेलेला आढळला आहे. पत्नी मिनी तुरुंगात आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी घराची झडती घेतात. हेतू सापडत नाही. तोवर शेरीफची बायको आणि शेजारीण खाली स्वयंपाकघरात थांबलेल्या. थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, अर्धवट पुसलेले टेबल, मळलेला पंचा, आणि गोधडीचा एक तुकडा, ज्यात सुबक टाके अचानक वेडेवाकडे झाले आहेत. मग मोडक्या दाराचा पिंजरा. मग शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेला, मान पिरगळलेला कॅनरी पक्षी. पुरुष बायकांच्या बारीकसारीक काळज्यांना हसून वर निघून जातात. या दोघी त्याच बारीकसारीक वस्तू वाचतात, त्यांतून एका संसाराची सारी कहाणी त्यांना उलगडते, आणि त्या पुरावा लपवतात.

एक तपशील सहज नजरेतून निसटतो. शेजारी त्या घरी मुळात गेला होता तो सामाईक टेलिफोनची तार राइटने घ्यावी म्हणून मन वळवायला. राइटला तो नको होता. माणसे आधीच फार बोलतात, असे त्याचे मत. 160 एकरांच्या त्या चौरसातले मौन टिकवण्याची ही किती साधी रीत.

आम्ही या एकांकिकेचे मराठी रूपांतर करायला बसलो होतो, वर्गापुरते. शीर्षकापाशीच अडलो. ‘क्षुल्लक’ फार संस्कृत, ‘किरकोळ’ बाजारातला, ‘फुटकळ’मध्ये तुच्छता आहे पण तुच्छ लेखणाराच त्यात दिसत नाही. शेवटी ‘चिल्लर’वर थांबलो. खिशात खुळखुळते, मोजायचा कंटाळा येतो, आणि तरीही घर त्यावरच चालते. गोधडीच्या बाबतीत मात्र मराठीने आम्हांला अनपेक्षित हात दिला. नाटकाची अखेर एका शिवणकामाच्या शब्दावर आहे: थर एकत्र जोडायचे ते टाके घालून की गाठी मारून, असा प्रश्न, आणि गाठी मारून, असे उत्तर. इंग्रजीत त्या शब्दाच्या उच्चारात नकारही दडलेला आहे. तो मराठीत येत नाही. पण आपल्या ‘गाठ’ या शब्दात गोधडीची गाठ, फासाची गाठ आणि लग्नगाठ अशा तिन्ही एकदम येऊन बसतात. शिवाय ‘गाठ माझ्याशी आहे’ ही धमकीही. भाषांतरात काय हरवते यावर आपण फार बोलतो. कधीतरी काय सापडते तेही बोलावे.

इथवर आम्हां दोघांचे एकमत होते. नंतर ते मोडले, आणि आजही जुळलेले नाही.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की ‘ट्रायफल्स’ने हॉसॅक खटल्याचा अन्याय दूर केला. बारा पुरुषांनी जे वाचले नाही ते दोन बायकांनी वाचले. न्यायालयाने नाकारलेली समवयस्कांची, म्हणजे समदुःखी माणसांची ज्युरी रंगमंचाने उभी केली. दुसऱ्याचे म्हणणे असे, की नाटकाने उलट अन्यायच केला. कारण मिनी राइटने नवऱ्याला मारले आहे. नाटकात त्याविषयी शंका उरत नाही; पक्षी सापडताच ती संपते. मार्गारेट हॉसॅक मात्र आपण मारले असे कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांची मुले त्यांच्या बाजूने उभी राहिली. दुसऱ्या ज्युरीलाही खात्री पटली नाही. तरीही त्या नाटकाने त्यांना कायमचे खुनी करून टाकले, आणि तेही इतक्या सहानुभूतीने की आक्षेप घ्यायला जागा उरू नये. सरकारी वकिलाचा युक्तिवाद आणि ग्लास्पेल यांची करुणा यांचा पाया एकच आहे: ती गांजलेली होती, म्हणून तिने मारले.

हा वाद आम्ही कँटीनमध्ये, बसस्टॉपवर, पेपर तपासणीच्या टेबलावर घातला आहे. पहिल्याचे उत्तर असे, की मिनी ही मार्गारेट नव्हेच. नावे बदलली, कुऱ्हाडीचा दोर झाला, नऊ मुलांच्या जागी मूल नसलेले मुके घर आले. कलाकृतीला वास्तवाच्या कचेरीत खेचणे योग्य नाही. हे आपण सौंदर्यशास्त्राच्या तासाला शिकवतोच. दुसऱ्याचे प्रत्युत्तर असे, की मग प्रत्येक प्रस्तावनेत हॉसॅक प्रकरणाचा उल्लेख का असतो? नाटकाला सत्याचे वजन त्या नावाने मिळते, आणि त्या नावाच्या बाईला मात्र नाटकात प्रवेश नाही.

हाच प्रश्न ट्रूमन कपोटी यांच्या ‘इन कोल्ड ब्लड’ने उलट्या बाजूने विचारला. इथे खून कुणी केला हे निर्विवाद आहे. 15 नोव्हेंबर 1959च्या पहाटे कॅन्ससमधील हॉलकोम या छोट्या वस्तीत हर्बर्ट क्लटर, त्यांची पत्नी बॉनी, मुलगी नॅन्सी आणि मुलगा केन्यन यांना त्यांच्या शेतघरात ठार मारण्यात आले. घरात तिजोरी आहे अशी ऐकीव माहिती खुन्यांना तुरुंगातल्या एका सोबत्याकडून मिळाली होती. तिजोरी नव्हती. हाती लागले पन्नास डॉलरांपेक्षाही कमी. रिचर्ड हिकॉक आणि पेरी स्मिथ डिसेंबरअखेर पकडले गेले आणि 14 एप्रिल 1965 रोजी फासावर गेले. कपोटी यांनी वृत्तपत्रातली छोटीशी बातमी वाचून, बालमैत्रीण हार्पर ली यांना सोबत घेऊन, कॅन्सस गाठले होते. टिपणे आणि मुलाखती तयार होत्या. पुस्तकाला शेवट हवा होता, आणि शेवट म्हणजे फाशी. एक लेखक दोन माणसांच्या मरणाची वाट पाहत पाच वर्षे थांबला, हे वाक्य लिहितानाही अवघड वाटते. 1965च्या शरद ऋतूत ‘न्यू यॉर्कर’मध्ये चार भागांत ते प्रसिद्ध झाले आणि पुढच्या जानेवारीत पुस्तकरूपाने आले.

पुस्तक अप्रतिम आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण ते वाचून झाल्यावर लक्षात राहतो तो पेरी स्मिथ. त्याचे आखूड पाय, त्याची गिटार, त्याचे उद्ध्वस्त बालपण. क्लटर कुटुंब आदर्श आणि फिकट होत जाते. बॉनी यांना आजारी, खचलेल्या म्हणून रंगवले आहे ते त्यांच्या आप्तांना मान्य झाले नाही. आणि ज्या पुस्तकाचा शब्दन्‌शब्द सत्य असल्याचा दावा होता, त्याचा स्मशानातील अखेरचा हृद्य प्रसंग घडलेलाच नाही, हे आता सर्वमान्य आहे. ग्लास्पेल यांनी सत्य बदलले आणि तसे नावासकट जाहीर केले. कपोटी यांनी नावे तशीच ठेवली. हॉलकोमच्या लोकांनी 2009 साली गावच्या उद्यानात क्लटर कुटुंबाचे स्मारक उभारले. त्या चौघांना पुस्तकातून सोडवून आणायला गावाला पन्नास वर्षे लागली.

आयोवातल्याच व्हिलिस्का गावी 1912च्या जूनमध्ये एका रात्रीत आठ माणसे कुऱ्हाडीने मारली गेली, त्यांत सहा मुले होती. गुन्हेगार सापडला नाही. ते घर आता पैसे भरून रात्रभर मुक्कामाला मिळते. याविषयी अधिक लिहावेसे वाटत नाही.

मायकेल लेसी यांच्या ‘विस्कॉन्सिन डेथ ट्रिप’ (1973) या पुस्तकाकडे मात्र आम्ही पुन्हा पुन्हा वळतो. ब्लॅक रिव्हर फॉल्स या गावातील एका छायाचित्रकाराच्या काचेच्या हजारो निगेटिव्हांतून निवडलेली छायाचित्रे, आणि 1885 ते 1900 या काळातील स्थानिक वृत्तपत्राची कात्रणे, एवढाच त्याचा मुख्य ऐवज. पृष्ठक्रमांक नाहीत. खून, आत्महत्या, घटसर्पाने एकामागून एक गेलेली मुले, 1893च्या मंदीत बुडालेल्या बँका, वेड्यांच्या इस्पितळात रवाना झालेले शेतकरी, आणि गावोगाव फिरून खिडक्यांच्या काचा फोडणारी एक माजी शिक्षिका, सारे तीन-चार ओळींत. हेतू नाही, कार्यकारण नाही. लेसी यांनी ही निवड एका गावाचे वेड दाखवण्यासाठीच केली, म्हणून इतिहासकारांनी त्यांना धारेवर धरले, ते रास्तच आहे. कात्री हीसुद्धा लेखणीच असते. पण निदान त्या कात्रणांतील माणसांना कुणी समजून घेतल्याचा आव तिथे नाही.

यंदा द्वितीय वर्षाच्या वर्गात आम्ही क्रम बदलला. आधी हॉसॅक खटल्याची हकिकत सांगितली, नाटकाचे नाव न घेता, आणि चर्चा होऊ दिली. पुढच्या आठवड्यात एकांकिका वाचली. मागच्या बाकावरील एका मुलीने, जी एरवी वर्षभर बोलत नाही, विचारले: तो फळ्यांचा आवाज कुठे गेला? आम्ही संहिता चाळली. मार्गारेट यांनी पहिल्या दिवसापासून सांगितलेली ती एक गोष्ट, लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज, नाटकात नाही. मिनी राइट तर आपल्याला जागच आली नाही असे सांगते. बरण्या आहेत, टाके आहेत, पिंजरा आहे. ज्या लेखिकेने इतकी चिल्लर जपून ठेवली तिने आरोपीच्या तोंडचा तेवढा एक तपशील मात्र गाळला. का गाळला असेल, यावर आमचे दोघांचे पुन्हा जुळलेले नाही. त्या मुलीला आम्ही दोन्ही उत्तरे दिली. तिने वहीत लिहून घेतली, आणि मग विचारले की परीक्षेत यांतले कोणते लिहायचे.